कंसातली नावं, इतर हक्कातली नावं

सातबाऱ्याच्या कागदावर सगळ्यात जास्त बोलतात ती कंसातली नावं. जमीन विकली, वाटणी झाली किंवा खातेदार वारला, की तलाठी जुनं नाव पुसत नसे. त्या नावाला कंस करायचा, नव्या फेरफाराचा क्रमांक वर्तुळात घालायचा आणि खाली नवं नाव लिहायचं, अशी रीत. वर्षानुवर्षं वापरात असलेला हस्तलिखित सातबारा हातात धरला की एका गटाची कुळकथा वाचता येते. आजोबा कंसात, मग त्यांचे मुलगे, त्यातल्या एकाचा हिस्सा घेणारा शेजारी, विकास सोसायटीचा बोजा, आणि कर्ज फिटल्यावर तो बोजाही कंसात.

डेटाबेस शिकणाऱ्या मुलांना आज जे सांगतात ते हेच असतं. नोंद खोडू नका, ती रद्द झाल्याची खूण करा. कोणत्या व्यवहारानं रद्द झाली त्याचा दुवा जपा. गावातला तलाठी हे टाक आणि दौत घेऊन करत आला होता. त्यामुळे महाराष्ट्रातल्या जमिनीच्या नोंदी संगणकावर कशा गेल्या, हे पाहताना मला सुरुवात यंत्रापासून करावीशी वाटत नाही. सुमारे ४४ हजार गावं आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे यांचा हा पसारा आहे. मराठीत चालणारं डेटाबेसचं याहून मोठं आणि याहून जोखमीचं काम मला दुसरं माहीत नाही. त्यात जे टिकलं ते जुन्या दप्तराची रीत ओळखून केलेलं आहे. जिथे सातबारा म्हणजे भरून टाकायचा एक तक्ता, असं समजून काम झालं, तिथे त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजली. लाखो शेतकरी बायकांनी तर ती अजून मोजायचं थांबवलेलं नाही.

*

दप्तर एका दिवसात घडलं नाही. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणीची आणि आकारणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटी साखळी आडवी-उभी टाकली की एक गुंठा, असे ४० गुंठे झाले की एक एकर. या मोजणीतून सर्व्हे नंबर आले. पण ती मोजणी सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा एवढंच सांगत होती. जमिनीवर कुणाचा कसला हक्क आहे ते सांगत नव्हती. हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावला गेला. गावपातळीवरचे नमुने कसे ठेवायचे याचं अँडरसन यांचं मॅन्युअल महसूल खात्यात आजही नावानं ओळखलं जातं. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली, हक्कनोंदीचे नियम १९७१ मध्ये झाले, पण दप्तराचा सांगाडा तोच राहिला. एक ते एकवीस असे गाव नमुने, आणि त्यांना जोडणारे पोटनमुने.

त्यातले काही नमुने जवळून पाहण्यासारखे आहेत. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका पानावर छापले म्हणून सातबारा. नमुना आठ-अ तीच माहिती माणसाच्या बाजूनं लावतो: एका खात्यावर गावात कुठे कुठे किती जमीन आहे. या सगळ्यांच्या मुळाशी नमुना सहा आहे, फेरफार नोंदवही. गावात हक्काचा कोणताही बदल झाला की तो आधी इथे क्रमानं लिहिला जातो. वाद असेल तर तो सहा-अ मध्ये, वारस असतील तर ते सहा-क मध्ये, नवे पोटहिस्से पडले तर ते सहा-ड मध्ये. फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातवर काही चढत नाही.

१९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकानं माहितीचे तक्ते एकमेकांशी नात्यानं बांधायची कल्पना मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस तिच्यावर उभे आहेत. एक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि बाकीच्या जागांनी तिचा हवाला द्यावा, हा त्या विचाराचा गाभा. आपल्या दप्तरात तीच शिस्त वेगळ्या वाटेनं आली होती. फेरफार ही घटना आणि सातबारा हा आजवरच्या सगळ्या घटनांचा निकाल. कागद फाटला, तर सहा नंबरची वही पहिल्या पानापासून वाचत सातबारा पुन्हा उभा करता येईल, अशी ही रचना. तलाठ्याच्या हाती ती होती म्हणून तिच्यात लबाडी झाली नाही, असं मी म्हणणार नाही. नोंदी अडवल्या गेल्या, मागच्या तारखा पडल्या, पानं गहाळ झाली. रचना मात्र पक्की होती, आणि लबाडी पकडायची झाली तर तीही त्याच वह्यांमधून पकडली जात होती.

*

केंद्र सरकारनं १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग केला. त्यात आपला वर्धा जिल्हा होता. पुढे ही योजना देशभर पसरली, २००८ मध्ये तिची राष्ट्रीय कार्यक्रमात पुनर्रचना झाली. महाराष्ट्रात तालुक्याच्या कचेऱ्यांमध्ये संगणक बसले आणि हस्तलिखित सातबारे भरायला सुरुवात झाली.

सगळ्यात दूरगामी निर्णय इथेच झाला. सातबाऱ्यावर आज जे दिसतं ते टंकायचं. कंसात नसलेली नावं, क्षेत्र, आकार, इतर हक्क. फेरफार क्रमांक आकडे म्हणून आले. त्या क्रमांकांमागचा मजकूर मात्र वह्यांमध्येच राहिला. कोट्यवधी फेरफार, त्यातले कित्येक मोडीत लिहिलेले, टंकणं त्या काळी अशक्यच होतं, हे मान्य करायला हवं. पण परिणाम असा झाला, की यंत्रात निकाल गेला आणि पुरावा बाहेर राहिला. टंकताना एक नाव सुटलं, तर ते सुटलं आहे हे यंत्राला कळायचा काही मार्ग नव्हता. कागदाच्या दप्तरात चूक झाली तर शेजारची वही साक्ष द्यायची.

कर्नाटकानं याच सुमारास ‘भूमी’ प्रकल्प उभा केला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटींच्या घरातल्या नोंदी, १७७ तालुक्यांत खिडक्या, उताऱ्याला १५ रुपये. पण त्या प्रकल्पातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट खिडकीत दिसत नाही. फेरफाराचा अर्ज ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं तो निकाली काढायचा. मधला अर्ज उचलून पुढे घ्यायची सोयच ठेवली नाही. शिवाय अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच आत जाता येईल. म्हणजे गावातल्या ओळखीपाळखीच्या राजकारणाला उत्तर देण्याचं काम प्रोग्रॅमच्या एका नियमावर सोपवलं. रचना करणाऱ्यानं कचेरीच्या बाहेर ताटकळणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला, की असे नियम सुचतात.

*

आता एक कल्पित गट घेऊ. गट क्रमांक ११२, क्षेत्र एक एकर, तीन भावांचा.

जुन्या कागदावर एक एकर शून्य गुंठे. मेट्रिक झाल्यावर एक एकर म्हणजे ४०.४७ आर. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर ठिपक्यांनी वेगळे करतात; ०.४०.४७ असं. लिहिणाऱ्यानं शेवटचे दोन अंक सोडले, की ०.४० उरतं. तिघांची वाटणी केली तर प्रत्येकाला १३.४९ आर. शेवटचे अंक इथेही सोडले, तर तिघांच्या नावापुढे ०.१३. बेरीज ०.३९. वर गटाचं एकूण क्षेत्र ०.४०. एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, कागदावरून नाहीसा झाला. जमीन जागेवर आहे, बांध जागेवर आहे, भाऊ तिघंही आहेत. यंत्र मात्र म्हणतं मेळ बसत नाही, आणि मेळ बसत नसलेल्या सातबाऱ्यावर पुढचा फेरफार घेता येत नाही. खातेदारांची बेरीज आणि गटाचं क्षेत्र जुळत नाही, अशा सातबाऱ्यांच्या याद्या काढून त्या निरंक करणं हे कित्येक वर्षं तलाठ्यांच्या मागे लागलेलं काम होतं. त्यातली बरीच विसंगती लबाडीची नव्हती. ती भागाकारातून आलेली होती.

हा प्रश्न जुन्यांनी सोडवला होता. सामाईक जमिनीत हिस्सा आण्या-पैंत सांगायची रीत होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण, बारा पै म्हणजे एक आणा. तिघा भावांचा हिस्सा पाच आणे चार पै. गुणून पाहा: पाच आणे म्हणजे साठ पै, वर चार, चौसष्ट, तीनदा चौसष्ट म्हणजे एकशे ब्याण्णव, म्हणजे बरोबर सोळा आणे. एक पैही इकडची तिकडे होत नाही. हिस्सा हा हक्क आहे आणि क्षेत्र हे त्याचं माप आहे, हे त्या हिशोबात आपोआप सांभाळलं जायचं. डेटाबेसमध्येही तेच करायला हवं. गटाचं क्षेत्र चौरस मीटरच्या पूर्ण अंकात ठेवायचं, हिस्सा अपूर्णांक म्हणून ठेवायचा, एक छेद तीन, आणि प्रत्येकाचं क्षेत्र छापताना काढायचं. मोजून वाटणी झाली, पोटहिस्से पडले, तरच प्रत्येकाचं क्षेत्र स्वतंत्रपणे साठवायचं. आधी हक्क की आधी माप, या प्रश्नाचं उत्तर तक्ते आखण्याच्या पहिल्या दिवशी द्यावं लागतं, कारण नंतर ते बदलायला अडीच कोटी नोंदी उघडाव्या लागतात.

गट क्रमांकाचंही तसंच. डेटाबेसला प्रत्येक नोंदीची न बदलणारी ओळख लागते. सर्व्हे नंबर ही ओळख वाटते, पण ती बदलत राहते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानं अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. गटाचे पुन्हा हिस्से झाले. ११२ चे ११२/१, ११२/२, ११२/३ झाले, की मूळ ११२ उरत नाही. लिहिण्याच्या तऱ्हा तर विचारूच नका: ११२/१/अ, ११२/१अ, ११२-१-अ, कधी आकडे देवनागरी, कधी इंग्रजी. आता जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा ओळख क्रमांक दिला जातो, ज्याला लोक भू-आधार म्हणतात आणि जो सातबाऱ्यावर छापलेला असतो. देशपातळीवर तो चौदा अंकाक्षरांचा आहे आणि जमिनीच्या अक्षांश-रेखांशावरून काढला जातो. गावच्या माणसानं गट नंबरच सांगायचा. यंत्रानं आतून दुसरी ओळख धरायची.

माणसाची ओळख त्याहून अवघड. एकाच गावात एकच माणूस एका सातबाऱ्यावर ज्ञानू, दुसऱ्यावर ज्ञानदेव आणि तिसऱ्यावर ज्ञानोबा असतो. हे तिघं एकच आहेत हे तलाठ्याला ठाऊक असे, कारण त्याची दहा वर्षं त्या सजात गेलेली असत. यंत्राला तीन खातेदार दिसतात. त्यात लिपीचा घोळ. आधीची बरीच माहिती युनिकोडपूर्वीच्या काळातली, वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींत आणि फाँटांत भरलेली. ती युनिकोडमध्ये आणली, तरी अडचण संपत नाही. गोऱ्हे किंवा बऱ्हाटे या आडनावांतला ऱ्ह दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्याला तो एकसारखा दिसतो, यंत्राला ती दोन वेगळी आडनावं. शोधलं तर एक सापडतं, दुसरं नाही. ज्याला आपलं नाव ‘ऑनलाइन दिसत नाही’ असं सांगितलं जातं, त्याचं नाव कित्येकदा तिथेच असतं. नावं साठवताना अशा अक्षरांचं एकच रूप ठरवून घेणं आणि शोधताना ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार सैल सोडणं, ही दोन कामं मराठी जाणणाऱ्या प्रोग्रॅमरलाच नीट जमतात.

*

यापेक्षा खोल प्रश्न ‘इतर हक्क’ या रकान्यात आहे, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त तिथेच थांबायचं आहे.

सातच्या नमुन्यात कब्जेदारांचा रकाना असतो आणि शेजारी इतर हक्कांचा. कुळ, बोजा, विहिरीतल्या पाण्याची पाळी, वाटेचा हक्क, न्यायालयाचा मनाई हुकूम, पुनर्वसनासाठीची बंदी, असं सगळं इतर हक्कात येतं. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या जातीची. बोज्याला रक्कम आणि बँक असते, मनाई हुकमाला दावा क्रमांक, वाटेला दुसरा गट. कागदावर मोकळी जागा होती, म्हणून ते तिथे मावलं. संगणकात ते मोकळा मजकूर म्हणून गेलं. बँकेचा बोजा हा आकडा म्हणून न येता वाक्य म्हणून आला, त्यामुळे तालुक्यात एकूण किती जमीन तारण आहे असा साधा प्रश्न विचारला, तरी वाक्यं वाचत बसावं लागतं.

याच रकान्यात बहिणी आहेत. बाप वारला, वारसनोंद झाली, की मुलांची नावं कब्जेदार सदरी लागायची आणि लग्न झालेल्या मुलींची नावं इतर हक्कात टाकायची, ही गावोगावची जुनी वहिवाट. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलगी ही बापाची पहिल्या वर्गातली वारस. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, २००५ मध्ये केंद्रानं सगळ्याच मुलींना दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो आणखी स्पष्ट केला. सातबाऱ्यावर मात्र ‘बहिणींचा हक्क’ ही एक ओळ, बोज्याच्या आणि पाण्याच्या पाळीच्या मधोमध.

कागदावर हा अन्याय होताच. पण कागदावर बहीण निदान दिसत होती. सातबारा वाचणाऱ्याची नजर तिच्यावर पडायची, खरेदीदार विचारायचा, ‘ह्या बहिणीची सही आहे का?’ डेटाबेसनं या अन्यायाला पक्कं बांधकाम दिलं. खातेदारांच्या तक्त्यात फक्त कब्जेदार गेले. बहीण हा मजकुराचा तुकडा झाली. तिला खाते क्रमांक नाही, हिस्सा नाही, म्हणून आठ-अ नाही. आठ-अ नाही, म्हणून खातेदार हा आधार धरून चालणाऱ्या कोणत्याच यादीत ती नाही. पीककर्ज, नुकसानभरपाई, शेतकरी ओळख क्रमांक, हे सगळं खातेदारांच्या तक्त्याला जोडलेलं. तलाठ्यानं पन्नास वर्षांपूर्वी डावीकडे लिहायचं ते उजवीकडे लिहिलं, आणि त्या एका हाताच्या अंतराचं आता दोन वेगळ्या तक्त्यांमधलं अंतर झालं. कुणी मुद्दाम बायकांना बाहेर ठेवायचं ठरवलं असं नाही. कागदावर जो रकाना जसा दिसला तसा तो यंत्रात उतरवला, एवढंच. डेटाबेसची आखणी करणारा माणूस रकाना उतरवून घेताना त्याच्यात कोण राहतं हे विचारत नाही, तेव्हा असं घडतं.

*

फेरफार संगणकावर धरणारी ई-फेरफार ही प्रणाली मात्र दप्तराच्या रीतीच्या बरीच जवळ गेली, आणि माझ्या मते म्हणूनच ती चालते आहे.

संहितेचं कलम १५० असं सांगतं, की फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत द्यायची, आणि मगच मंडळ अधिकाऱ्यानं तो प्रमाणित करायचा. नोटीस नमुना ९ ची, मुदत पंधरा दिवसांची. हरकत आली तर प्रकरण सहा-अ ला जातं. नोंद घेणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हा नियम शंभर वर्षं जुना. प्रणालीनं तो जसाच्या तसा ठेवला. तलाठ्याची डिजिटल सही वेगळी, मंडळ अधिकाऱ्याची वेगळी. २०२४ पासून तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात. पण त्याच्या एकट्याच्या सहीनं सातबारा बदलत नाही, हे दोन्ही नावांना लागू आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला, की तिथल्या आय-सरिता प्रणालीतून माहिती थेट इकडे येते आणि फेरफाराची नोंद सुरू होते. खरेदीदारानं दस्ताची नक्कल घेऊन चावडीत हेलपाटे घालायची गरज उरली नाही. वारस किंवा बोजा यांचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. कोणत्या गटावर कोणता फेरफार नोटिशीत आहे, हे ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं.

या पंधरा दिवसांचं मोल कमी लेखू नये. प्रणाली वेगवान करायच्या उत्साहात कुणी सुचवेल, की दस्त झाला त्याच क्षणी नाव लावा. पण तेवढा वेळ हीच सामान्य माणसाची ढाल आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाला गावाकडच्या जमिनीवर काय शिजतंय हे त्या नोटिशीतूनच कळतं. २०२० मध्ये सातबाऱ्याचं नवं रूप आलं, तेव्हा त्यावर प्रलंबित फेरफार छापायची सोय झाली. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात आले, प्रत्येक खातेदारापुढे खाते क्रमांक आला. विकत घेणाऱ्याला ‘इथे काहीतरी चालू आहे’ हे कागदावरच दिसू लागलं. मला ही सुधारणा १ मे २०१८ पासून सुरू झालेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याहूनही मोठी वाटते, जरी पंधरा रुपयांत मोबाइलवर उतारा मिळणं लोकांना जास्त जाणवलं असलं, तरी.

बारा नंबरच्या नमुन्याबद्दल थोडक्यात. हक्क पिढीत एखाद-दोनदा बदलतो, पीक दर हंगामाला. दोन्ही एका पानावर असले, तरी त्यांचा वेग वेगळा, म्हणून यंत्रातही ते वेगळे हवेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो पाठवतो. डोंगरदऱ्यातल्या गावात नेटवर्क नाही ही तक्रार खरी आहे. पण कागदावर मागच्या वर्षीचंच पीक पुढे उतरवायची जी सवय होती, ती मोडली.

*

सातबारे संगणकात भरताना झालेल्या चुका कशा काढायच्या? हस्तलिखित सातबारा समोर ठेवून संगणकातला सातबारा तपासायला तलाठ्यांना दुरुस्तीची सोय दिली गेली. नेटवर्क दिवसा मिळत नाही म्हणून रात्री जागून कितीतरी तलाठ्यांनी हे काम केलं. त्यांच्या वाट्याला शाबासकीपेक्षा शिव्या जास्त आल्या. आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं. गावकऱ्यांना बोलवायचं, प्रत्येक गटाचा सातबारा मोठ्यानं वाचायचा, ज्याची हरकत असेल त्यानं हात वर करायचा. माहिती तपासण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. आठशे गटांचं गाव असेल, तर त्या आठशे गटांची खरी माहिती त्या पारावर बसलेली असते. काही ठिकाणी हे वाचन उरकून टाकलं गेलं, काही ठिकाणी मन लावून झालं. ज्या गावात ते नीट झालं, तिथला सातबारा आज जास्त स्वच्छ आहे, हे कोणताही तलाठी सांगेल.

दुरुस्तीचा दुसरा रस्ता कलम १५५ चा. लेखनप्रमाद असेल तर तो तहसीलदाराच्या आदेशानं सुधारता येतो. ‘ज्ञानदवे’चं ‘ज्ञानदेव’ करणं हा लेखनप्रमाद आहे. नावच बदलणं हा हक्काचा बदल आहे आणि तो या कलमात बसत नाही. माणूस ही रेषा ओलांडू शकतो, म्हणून प्रणालीनं प्रत्येक दुरुस्ती फेरफार म्हणूनच दाखवली पाहिजे, आदेशाच्या क्रमांकासकट, जुना मजकूर शेजारी ठेवून. शांतपणे बदललेलं एक अक्षरही आत राहता कामा नये.

आणि हे सगळं करूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. उलट सिद्ध करता येतं. सातबारा मालकी ठरवत नाही, तो महसूल खात्याचं आजचं मत सांगतो. त्यामुळे प्रांताकडे अपील चालू आहे, दिवाणी दावा चालू आहे, ही माहिती नोंदीपासून तोडता येत नाही. नकाशा तर अजून दुसऱ्याच खात्याकडे, भूमी अभिलेखाकडे. तिथल्या आकारबंदातलं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जिथे जुळत नाही, तिथे कोणत्याही प्रोग्रॅमरला उत्तर देता येणार नाही. तिथे मोजणीदारानंच जायला हवं.

*

२०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि एप्रिलपासून राज्यभर सुरू झाली. वारलेल्या खातेदारांची नावं शोधून त्यांच्या जागी वारसांची नावं लावायची. मृत्यूनंतर वर्षानुवर्षं नोंद न झालेले खातेदार हे आपल्या डेटाबेसमधलं सगळ्यात मोठं असत्य होतं, म्हणून ही मोहीम मोलाची आहे. पण वारस लावताना बहिणींचं काय होतं, यावर तिचं खरं मोजमाप आहे. आई, बायको, मुली यांची नावं कब्जेदार सदरी, हिश्शासकट, खाते क्रमांकासह लागत असतील, तर ही गेल्या शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी दुरुस्ती ठरेल.

आधीच इतर हक्कात पडलेल्यांसाठी वेगळं काम करावं लागेल, आणि ते करता येण्यासारखं आहे. सगळ्या सातबाऱ्यांच्या इतर हक्कांतला मजकूर चाळून बहीण, मुलगी, विवाहित, वारस असे शब्द असलेल्या ओळी गाववार काढायच्या. ती यादी चावडीवर वाचायची. ज्या ओळीमागे वारसफेरफार आहे, तो स्कॅन केलेल्या जुन्या अभिलेखांतून उघडून त्यातली नावं वाचायची. ज्यांनी रीतसर हक्कसोड पत्र नोंदवलं आहे, त्यांची नोंद त्या दस्ताच्या क्रमांकासह बंद करायची. उरलेल्यांसाठी नवा फेरफार धरायचा आणि नमुना ९ ची नोटीस काढायची. भाऊ हरकत घेतील. घेऊ द्या, त्यासाठी सहा-अ आहे. पण नोटीस भावाच्या घरी जाऊन थांबता कामा नये. ती बाई सासरी, दुसऱ्या तालुक्यात, बहुतेकदा दुसऱ्या जिल्ह्यात राहते. तिच्यापर्यंत कागद पोहोचायचा असेल, तर खातेदाराच्या तक्त्यात तिचा स्वतःचा राहता पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर यांचे दोन रकाने हवेत, आणि ते भरल्याशिवाय तिच्याबाबतचा कोणताही फेरफार पुढे सरकणार नाही असा नियम हवा.